युद्धाने मोडलेली पात्रे आणि त्यांची काल्पनिक जगे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धातून आलेल्या किंवा युद्धात सापडलेल्या पात्रांनी मनात उभारलेली जगे हा कथासाहित्यातील आणि चित्रपटांतील जुना विषय आहे. आमच्या वाचनगटात त्यावर चर्चा झाली, तेव्हा तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे अनेक असली, तरी बहुतेक विवेचन कर्ट व्हॉनेगट यांच्या १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्लॉटरहाऊस-फाइव्ह’ या कादंबरीभोवती ठेवले आहे, कारण हा प्रश्न इतक्या खोलात जाऊन तपासणारी दुसरी कलाकृती माझ्या वाचनात नाही. उत्तरांमध्ये कथानकांचे शेवट उघड होतात, याची नोंद घ्यावी.

‘काल्पनिक जग’ म्हणजे येथे नेमके काय अभिप्रेत आहे?

लेखकाने निर्माण केलेले जग येथे अभिप्रेत नाही, पात्राने निर्माण केलेले जग अभिप्रेत आहे. कादंबरीतील एखादा सैनिक, कैदी किंवा लहान मूल स्वतःसाठी एक वेगळी सृष्टी उभी करते, तिचे नियम ठरवते, तेथे ये-जा करते आणि ती खरी मानते. मराठीत यासाठी ‘मनोराज्य’ हा सुंदर शब्द आहे. परंतु ‘मनोराज्ये रचणे’ म्हटले की रिकामपणाचा उद्योग असा अर्थ मनात येतो. येथे ज्या पात्रांची चर्चा आहे, त्यांच्यापैकी कोणीही रिकामपणी मनोराज्य रचलेले नाही.

बिली पिल्ग्रिमची गोष्ट थोडक्यात सांगता येईल का?

बिली हा अमेरिकी सैन्यातील धर्मोपदेशकाचा मदतनीस. डिसेंबर १९४४ मध्ये, जर्मनांच्या शेवटच्या मोठ्या चढाईच्या वेळी तो आपल्या तुकडीपासून तुटतो, पकडला जातो आणि युद्धकैदी म्हणून ड्रेस्डेन शहरात पाठवला जातो. कैद्यांना तेथील कत्तलखान्याच्या पाच क्रमांकाच्या इमारतीत ठेवलेले असते. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमाने शहरावर बॉम्ब टाकू लागतात, दुसऱ्या दिवशी अमेरिकी विमाने येतात आणि शहर जळून जाते. कैदी जमिनीखालच्या मांस साठवण्याच्या तळघरात असल्यामुळे वाचतात. नंतर त्यांनाच ढिगाऱ्याखालचे मृतदेह उकरून काढण्याच्या कामाला लावले जाते. व्हॉनेगट स्वतः या सर्वांतून गेले होते आणि ही कादंबरी लिहून होईपर्यंत त्यांना वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

युद्धानंतर बिली चष्म्याचे नंबर काढण्याचा व्यवसाय करतो, लग्न करतो, श्रीमंत होतो. १९६८ मध्ये एका विमान अपघातातून तो एकटाच प्रवासी म्हणून वाचतो आणि त्यानंतर लोकांना सांगू लागतो, की ट्राल्फामाडोर नावाच्या ग्रहावरील जीवांनी १९६७ मध्ये आपल्याला पळवून नेले होते आणि तेथील प्राणिसंग्रहालयात ठेवले होते. हे जीव हिरवे असतात, दोन फूट उंच असतात आणि मोरी तुंबल्यावर वापरतात त्या रबरी प्लंजरसारखे दिसतात. त्यांच्या मते काळ वाहत नाही. सर्व क्षण कायमचे अस्तित्वात असतात. म्हणून मेलेला माणूस त्या एका क्षणात वाईट अवस्थेत असला, तरी इतर असंख्य क्षणांत तो सुखरूपच असतो.

ट्राल्फामाडोर खरे आहे की तो बिलीच्या मनाचा खेळ आहे?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण हाताशी ठेवून कादंबरी वाचली, तर व्हॉनेगट यांनी किती पुरावे उघड्यावर मांडून ठेवले आहेत हे लक्षात येते.

१९४८ मध्ये बिली स्वतःहून माजी सैनिकांच्या रुग्णालयात मनोरुग्ण म्हणून दाखल होतो. शेजारच्या खाटेवर इलियट रोझवॉटर नावाचा माजी कॅप्टन असतो. त्याच्या हातून युद्धात एक भयंकर चूक झालेली असते. रोझवॉटरच्या खाटेखाली किलगोर ट्राउट या काल्पनिक लेखकाच्या विज्ञानकथांचा गठ्ठा असतो, आणि हे दोघे त्या कथा अधाशासारखे वाचतात. व्हॉनेगट येथे सरळ सांगतात, की दोघेही स्वतःला आणि आपल्या विश्वाला नव्याने घडवू पाहत होते आणि विज्ञानकथांचा त्यांना मोठा आधार झाला. पुढे १९६८ मध्ये न्यूयॉर्कमधील एका दुकानात बिलीच्या हाती ट्राउटचीच एक कादंबरी लागते. तिच्यात परग्रहवासी एका स्त्रीपुरुषाला पळवून नेऊन प्राणिसंग्रहालयात ठेवतात. काही परिच्छेद वाचल्यावर बिलीच्या ध्यानात येते, की हे पुस्तक आपण पूर्वी त्या रुग्णालयातच वाचले होते.

आता त्या ग्रहावरील बिलीची खोली जवळून पाहा. काचेच्या घुमटाखाली सोफा आहे, फ्रिज आहे, दूरचित्रवाणी संच आहे. हे सर्व सामान अमेरिकेतील एका दुकानाच्या गोदामातून चोरून आणलेले आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक चित्र चिकटवलेले आहे आणि त्यात एक काउबॉय दुसऱ्याला ठार मारत आहे. बिलीच्या दवाखान्याच्या भिंतीवर जी प्रार्थना चौकटीत लावलेली आहे, तीच प्रार्थना त्या ग्रहावरील त्याच्या सोबतिणीच्या गळ्यातील पदकावर कोरलेली आहे. बिली तेथे उघडा आहे आणि गर्दी त्याला पाहत आहे. ड्रेस्डेनच्या रस्त्यांवरूनही तो असाच चालवला गेला होता, अंगाला निळा पडदा गुंडाळून आणि पायांत नाटकातले रुपेरी बूट घालून, आणि तेथेही लोक त्याच्याकडे पाहून हसत होते. फरक इतकाच, की ट्राल्फामाडोरवरच्या गर्दीला तो आवडतो.

माझे मत असे, की हा ग्रह बिलीने स्वतःच्या आयुष्यातील मोडक्यातोडक्या वस्तूंतून बांधला आहे. तरीही कादंबरी ‘हे खोटे आहे’ असे कोठेही म्हणत नाही, आणि वाचकानेही तसा शिक्का मारण्याची घाई करू नये. ग्रह खरा की खोटा हे ठरवून हाती फारसे काही लागत नाही. त्या ग्रहामुळे बिलीला काय करता आले आणि काय करता आले नाही, याकडे पाहिले तर पुष्कळ लागते.

विमान अपघातात डोक्याला मार बसल्यामुळे हे सर्व घडले, असे म्हणता येणार नाही का?

बिलीची मुलगी तसेच म्हणते. परंतु बिली काळातून निसटतो, म्हणजे आयुष्यातील एका क्षणातून अचानक दुसऱ्याच क्षणात जाऊन पोहोचतो, आणि हे पहिल्यांदा घडते ते १९४४ मध्ये, युद्धभूमीवरील जंगलात, थंडीने आणि थकव्याने गलितगात्र होऊन झाडाला टेकलेला असताना. अपघाताने त्याला बोलते केले असेल. पण भेग त्याआधी चोवीस वर्षांपासून होती.

अशी जगे म्हणजे शेवटी पळवाटच नव्हे का?

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईत होते. परीकथांवरील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात त्यांनी या आक्षेपाला उत्तर दिले आहे. तुरुंगातील कैद्याने सुटकेचा विचार करणे आणि सैनिकाने रणातून पळ काढणे या दोन गोष्टींची टीकाकार गल्लत करतात, असे त्यांचे म्हणणे होते. कैदी तुरुंगाच्या भिंतींव्यतिरिक्त दुसऱ्या कशाचा विचार करतो, म्हणून त्याला भेकड ठरवता येत नाही.

हा भेद मला पूर्णपणे पटतो, मात्र त्यात एक भर घालावीशी वाटते. युद्धातून आलेल्या पात्राच्या बाबतीत तुरुंग बाहेर नसतो. तो त्याच्या स्मरणात असतो. दगडी भिंतींच्या तुरुंगातून मन बाहेर जाऊ शकते, पण स्मरणातून बाहेर पडायचे तर मनाला आपल्याच एखाद्या भागाला मागे सोडून जावे लागते. बिलीने नेमके काय मागे सोडले, हे पुढील उत्तरात पाहू.

मग ट्राल्फामाडोरचा बिलीला उपयोग झाला का?

झाला, आणि त्याची किंमतही त्याने मोजली. या जगामुळे तो जिवंत राहिला, संसार करू शकला, कोणाचाही द्वेष न करता म्हातारा झाला. ज्या क्षणांकडे पाहणे अशक्य होते, त्यांच्याकडे ‘हा एक क्षण आहे, असे इतरही आहेत’ म्हणून पाहता येऊ लागले.

पण ट्राल्फामाडोरची शिकवण अशी, की काहीही बदलता येत नाही, म्हणून वाईट क्षणांकडे दुर्लक्ष करावे आणि चांगल्या क्षणांवर लक्ष ठेवावे. परिणामी विमान कोसळणार हे ‘ठाऊक’ असूनही बिली गप्प बसतो. १९६७ मध्ये एका भोजनसमारंभात एक लष्करी अधिकारी उत्तर व्हिएतनामवर आणखी बॉम्ब टाकण्याची भाषा करतो. जळालेल्या शहरातून प्रेते उपसलेला बिली समोर बसून ते ऐकतो आणि त्याला निषेध करावासा वाटत नाही. त्याचा स्वतःचा मुलगा त्या वेळी त्याच युद्धावर आहे. मला कादंबरीतील सर्वांत भयानक जागा हीच वाटते. बॉम्बवर्षावाचे वर्णन तिच्या मानाने पुष्कळ शांतपणे वाचता येते.

आणि तरीही बिलीचे शरीर ही शिकवण मानत नाही. अधूनमधून, काही कारण दिसत नसताना, तो एकटाच हळूच रडतो.

याचे मूळ एका दृश्यात आहे आणि ते सावकाश वाचावे. युरोपातील युद्ध संपून दोन दिवस झाले आहेत. बिली आणि त्याचे साथीदार एक बेवारस घोडागाडी घेऊन पुन्हा कत्तलखान्याकडे आले आहेत. बाकीचे आत वस्तू शोधत आहेत, बिली गाडीत उन्हात डुलक्या घेत आहे. चांगल्या क्षणांवर लक्ष ठेवायचेच असेल, तर आयुष्यातील सर्वांत सुखाचा क्षण म्हणून बिलीने कदाचित हाच निवडला असता, असे लेखक सांगतात. तेवढ्यात एक जर्मन जोडपे येते. दोघेही प्रसूतितज्ज्ञ आहेत. ते घोड्यांशी हळुवारपणे बोलत असतात आणि मग बिलीला खाली उतरवून घोडे दाखवतात. लगामाने तोंडे फाटून रक्त येत आहे, खूर तडकले आहेत आणि तहानेने त्यांचा जीव चालला आहे. बिलीला रडू कोसळते. संपूर्ण युद्धात तो दुसऱ्या कशासाठीही रडलेला नसतो.

सुखाचा क्षण आणि ते दोन तहानलेले घोडे एकाच गाडीला जुंपलेले आहेत. चांगला क्षण तेवढा वेगळा काढता येईल, हे ट्राल्फामाडोरचे आश्वासन याच दृश्यात मोडते.

बिलीला खरे काही कधी आठवते का?

एकदा आठवते. लग्नाच्या अठराव्या वाढदिवसाच्या मेजवानीत चार जण एक जुने गाणे म्हणत असतात आणि बिलीचा चेहरा एकाएकी विदीर्ण होतो. तो वरच्या खोलीत जाऊन पडतो आणि त्याला काय झाले याचा विचार करतो. बॉम्बवर्षावाच्या दुसऱ्या दिवशी चार जर्मन पहारेकरी एकमेकांजवळ उभे राहिले होते. शहर उरले नाही हे पाहून त्यांची तोंडे उघडली होती आणि आवाज फुटत नव्हता, जणू मूकपटातील चार गवई. व्हॉनेगट येथे मुद्दाम नोंदवतात, की या प्रसंगी बिलीने कालप्रवास केला नाही, त्याला आठवले. त्या एका क्षणी त्याला ग्रहाची गरज पडत नाही.

प्रत्येक मृत्यूनंतर येणाऱ्या त्या छोट्या वाक्याचे काय?

‘सो इट गोज’, म्हणजे आपल्या बोलीत ‘चालायचंच’. माणूस मेला, घोडा मेला, बाटलीतल्या पेयाचा फेस मेला, तरी तेच वाक्य. काहींना ते थंडपणाचे वाटते. मला ते, सांत्वनाला गेलेला माणूस काहीच सुचत नाही म्हणून तोच एक शब्द पुन्हा उच्चारतो, तसे वाटते.

सर्वच काल्पनिक जगे अशी सोसायला शिकवतात का?

नाही, आणि यासाठी ‘पॅन्स लॅबिरिंथ’ हा गिलेर्मो देल तोरो यांचा २००६ चा स्पॅनिश चित्रपट बिलीच्या शेजारी ठेवून पाहावा. काळ १९४४ चा आहे. स्पेनमधील यादवी युद्ध संपून पाच वर्षे झाली आहेत, पण डोंगरात बंडखोर अजून लढत आहेत. ओफेलिया ही मुलगी गरोदर आईबरोबर सावत्र वडिलांच्या, कॅप्टन विदालच्या, लष्करी ठाण्यावर येते. तेथे तिला एक फॉन, म्हणजे पुराणकथांतील अर्धा माणूस आणि अर्धा बोकड असा जीव, भेटतो, तिला पाताळातील राजकन्या म्हणतो आणि तीन कामगिऱ्या सोपवतो.

तिचे जग कोणत्या अर्थाने आधार आहे? ते अजिबात सुखद नाही. दुसऱ्या कामगिरीत भरल्या मेजाच्या टोकाला एक फिकट, डोळे नसलेला राक्षस बसलेला आहे आणि कोपऱ्यात लहान मुलांच्या बुटांचा ढीग आहे. त्याआधी आपण विदालला अशाच मेजाच्या टोकाशी बसून, गावकऱ्यांचे रेशन किती कमी करायचे हे ठरवताना पाहिलेले असते. घरात जे घडत आहे त्याला ओफेलियाच्या जगात चेहरा मिळतो, आणि ज्याला चेहरा आहे त्याच्यापासून पळता येते, त्याला नाही म्हणता येते.

तिसरी कामगिरी म्हणजे नवजात भावाचे थोडे रक्त. फॉन म्हणतो, थेंबभरच हवे. ओफेलिया नकार देते, राजपद गेले तरी चालेल म्हणते. चित्रपटातील डॉक्टरने विदालला थोडे आधी जवळजवळ हेच सुनावलेले असते, की विचार न करता केवळ आज्ञा म्हणून आज्ञा पाळणे तुमच्यासारख्यांनाच जमते. डॉक्टरला ते म्हणण्यासाठी मरावे लागते, ओफेलियालाही. मात्र बिलीचे जग त्याला ‘काही बदलत नाही’ हे शिकवते, आणि ओफेलियाचे जग तिला स्वतःच्या जगालाही नाही म्हणायला शिकवते. या दोन्हींना ‘कल्पनेचा आधार’ या एकाच नावाखाली घालणे मला योग्य वाटत नाही.

काल्पनिक जग अपायकारक ठरल्याची उदाहरणे आहेत का?

‘स्लॉटरहाऊस-फाइव्ह’मध्येच आहे. रोलंड वेअरी हा सैनिक मनात एक शौर्यकथा रचत असतो. तिच्यात तो आणि दोन पुढे चालणारे सैनिक असे तिघे जिवलग योद्धे आहेत. प्रत्यक्षात ते दोघे त्याला टाकून निघून जातात, आणि वेअरी त्याचा राग बिलीवर काढतो. ही कथा त्याला युद्धानेच पुरवलेली, म्हणून ती त्याला युद्धातच ढकलते.

व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) मधील, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सेप्टिमसची गोष्ट अधिक करुण आहे. त्याचा वरिष्ठ आणि मित्र एव्हन्स युद्धबंदीच्या थोडेच आधी इटलीत मारला जातो, आणि आपल्याला फारसे काही वाटले नाही याचा सेप्टिमसला त्या वेळी अभिमान वाटतो. नंतर लंडनच्या बागेत चिमण्या त्याला ग्रीक भाषेत गाताना ऐकू येतात आणि मेलेला एव्हन्स दिसतो. त्याचे जग कोणी ऐकून घेत नाही. एक डॉक्टर म्हणतो काहीही झालेले नाही, दुसरा म्हणतो पत्नीपासून दूर ठेवा. शेवटच्या दुपारी तो पत्नीबरोबर बसून एका बाईंच्या टोपीवर फुले कशी लावायची ते ठरवतो, दोघे हसतात, आणि तो काही काळ अगदी बरा असतो. त्यानंतर डॉक्टर जिना चढून येतो आणि सेप्टिमस खिडकीतून उडी घेतो. बिलीला शेजारच्या खाटेवर रोझवॉटर होता. सेप्टिमसला तसे कोणी मिळाले नाही, हा फरक मला फार मोठा वाटतो.

त्या जगातून परत यावेच लागते का?

हायाओ मियाझाकी यांच्या ‘द बॉय अँड द हेरॉन’ (२०२३) या चित्रपटाचे उत्तर ‘होय’ असे आहे. महितोची आई युद्धकाळात तोक्योतील रुग्णालयाच्या आगीत मरण पावते. गावी गेल्यावर तो दगडाने स्वतःचेच डोके फोडून घेतो. पुढे मनोऱ्याखालच्या जगात एक वृद्ध पूर्वज त्याला ते निष्कलंक जग सांभाळायला देऊ करतो. महितो डोक्यावरील व्रण दाखवून सांगतो, की ही जखम मी स्वतः केली आहे, माझ्यातही दुष्टपणा आहे, आणि नकार देतो. परतताना त्याच्या खिशात तेथील एक लहानसा दगड राहतो.

आपल्या परंपरेत याचे काही रूप आढळते का?

युद्धाची जखम न भरणारा अश्वत्थामा आणि त्याचे तेल मागत फिरणे आपण लहानपणापासून ऐकतो. पण या विषयाच्या अधिक जवळ जाते ते महाभारताच्या आश्रमवासिक पर्वातील पुत्रदर्शन. युद्धाला पंधराहून अधिक वर्षे झाली आहेत. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात आहेत आणि त्यांचा शोक तसूभरही कमी झालेला नाही. व्यास एका रात्रीपुरते सर्व मृत योद्ध्यांना भागीरथीच्या पाण्यातून वर आणतात. कौरव, पांडवांचे पुत्र, कर्ण, अभिमन्यू सर्व वैर विसरून आप्तांना भेटतात आणि पहाटे परत जातात. मग व्यास विधवांना सांगतात, की ज्यांना पतीकडे जायचे आहे त्यांनी गंगेत उतरावे, आणि कित्येक स्त्रिया उतरतात.

महाकाव्यात हे दर्शन खरे आहे, कोणाच्या मनाचा खेळ नाही, त्यामुळे बिलीशी सरळ तुलना करता येणार नाही. परंतु एका रात्रीच्या भेटीने काहींना जगणे सोसवले आणि काहींना ते नकोसे झाले, हे व्यासांनी एकाच काठावर दाखवले आहे.

ड्रेस्डेनमध्ये नेमके किती लोक मेले?

कादंबरीत १,३५,००० हा आकडा येतो. तो त्या काळी प्रचलित असलेल्या एका पुस्तकातून घेतलेला आहे. ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये हा आकडा कमाल २५,००० असल्याचा निष्कर्ष काढला. कादंबरी वाचताना ही दुरुस्ती लक्षात ठेवावी.

बिलीला आज ज्याला पीटीएसडी (भयंकर आघातानंतर जडणारा मानसिक विकार) म्हणतात तो आजार होता, असे म्हणावे का?

हे निदान अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत पुस्तिकेत १९८० मध्ये आले, कादंबरीनंतर अकरा वर्षांनी. लक्षणे जुळतात. मात्र निदान लावले की वाचक ग्रहाकडे लक्षण म्हणून पाहू लागतो आणि त्यातील सोफा, पदक, काउबॉयचे चित्र पाहायचे राहून जाते.

हे सर्व कोठून वाचायला किंवा पाहायला सुरुवात करावी? मुलांना दाखवावे का?

‘पॅन्स लॅबिरिंथ’ परीकथेसारखा दिसला, तरी त्यातील हिंसा अतिशय उघड आहे. तो लहान मुलांना दाखवू नये. ‘द बॉय अँड द हेरॉन’ थोडी मोठी मुले पालकांसह पाहू शकतील. ‘स्लॉटरहाऊस-फाइव्ह’ लहान कादंबरी आहे. घटनाक्रम जुळवत बसू नये, तो जुळण्यासाठी लिहिलेलाच नाही. पहिल्या वाचनात हातात पेन्सिल ठेवावी आणि बिली जेथे रडतो त्या जागांवर फक्त खूण करावी. दुसऱ्या वाचनाला त्या खुणांपासून, घोड्यांच्या पानाने सुरुवात करावी.